हरलेल्या लढाईचं गाणं

दरवर्षी २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला सकाळी सकाळी कुठल्या ना कुठल्या स्पीकरवरून 'ऐ मेरे वतन के लोगों' लागतंच. आधी एखादं जोशातलं फिल्मी गाणं झालेलं असतं, नंतरही तसलंच एखादं लागणार असतं, मधे लतादीदी, आणि आपण हातातली जिलेबी संपवत ऐकतोय. मला दरवेळी वाटतं की अरे हे गाणं या लायनीतलं नाहीचे. बाकीची सगळी जिंकल्याची किंवा जिंकणार असल्याची गाणी आहेत, हे हरल्याचं आहे.

हे ज्या हरण्याचं गाणं आहे ते चीनबरोबरचं १९६२ चं युद्ध २० ऑक्टोबरला सुरू झालं आणि २१ नोव्हेंबरला चीनने स्वतःच एकतर्फी युद्धबंदी करून टाकली. म्हणजे महिनाभराचा खेळ, पण त्या महिन्याने देशाची पार रया गेली. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं, त्या जागी आपले यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी बसलं ते आजतागायत. ते वाक्य ऐकताना छाती फुगते हे खरं, पण हिमालयाला मदत लागली होती हे आपण सोयीस्कर विसरतो. गाण्यात मात्र ते सरळ आहे, हिमालय जखमी झाला असंच लिहिलंय.

लिहिलं कवी प्रदीप यांनी. माहीमच्या समुद्रावर फिरताना ओळी सुचल्या, जवळ कागद नव्हता म्हणून कुणाकडून तरी पेन मागून घेतलं आणि सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीवर लिहून ठेवल्या अशी गोष्ट सांगतात. चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे पुणतांब्याला जन्मलेले आपले चितळकर अण्णा. गंमत म्हणजे प्रदीप यांचंही खरं नाव रामचंद्रच, रामचंद्र द्विवेदी. दोन रामचंद्रांनी मिळून केलेलं गाणं, आणि आज ते फक्त लताचं गाणं म्हणून ओळखलं जातं, याचं मला जरा वाईट वाटतं, त्यातून अण्णांचं तर जास्तच. 'अलबेला' आणि 'अनारकली' या सिनेमांचं संगीत देणारा माणूस, नाचायला लावणाऱ्या चाली करण्यात हातखंडा, आणि इथे त्याने काय केलंय बघा, सुरुवातीला ठेकाच नाही, नुसता आवाज, कोणीतरी उभं राहून शांतपणे सांगायला लागावं तसा, ताल नंतर येतो आणि तोही दबकत दबकत. लता आणि अण्णांचं त्याआधी काही वर्षं बिनसलेलं होतं, आशाताईही या गाण्यात असणार होत्या, मग नव्हत्या, यावर ज्याच्या त्याच्याकडे वेगळी स्टोरी आहे, त्यात मी पडत नाही.

२७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये सैनिकांसाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम होता, तिथे हे पहिल्यांदा गायलं गेलं. समोर नेहरू. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं ही गोष्ट सगळ्यांनाच पाठ आहे, पण ती आपण 'काय गाणं आहे बघा, पंतप्रधान रडले' अशी सांगतो. मला ती नेहमी उलट्या बाजूने दिसते. ज्याच्या कारकिर्दीत हे सगळं झालं, तो माणूस हजारो लोकांसमोर बसून, परत न आलेल्यांची आठवण ठेवा असं ऐकतोय. रडू नाही तर काय येणार? पुढच्या वर्षी मे महिन्यात ते गेले.

आता शब्दांकडे नीट बघितलं तर सुरुवातीलाच कवी लोकांना म्हणतोय की घोषणा द्या, झेंडे फडकवा, दिवस तुमचाच आहे, पण जे घरी परत आले नाहीत त्यांचीही थोडी आठवण काढा. म्हणजे आपण घोषणा देत ज्या कार्यक्रमात हे गाणं वाजवतो त्याच कार्यक्रमाला ते हळूच टोकतंय! आणि पुढे देशात दिवाळी असताना तिकडे जवान रक्ताची होळी खेळत होते असं येतं, ते नुसतं यमक जुळवणं नाही, त्या वर्षी दिवाळी खरोखरच लढाई सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला तेव्हा आली होती. शीख, जाट, मराठा, गुरखा, मद्रासी सगळे आहेत गाण्यात, चीन हा शब्द मात्र अख्ख्या गाण्यात कुठेच नाही.

हे मुद्दाम सांगतोय कारण याच प्रदीप यांनी १९४३ मध्ये, ऐन दुसऱ्या महायुद्धात, 'किस्मत' सिनेमासाठी 'दूर हटो ऐ दुनियावालों' लिहिलं होतं. त्यात जर्मन आणि जपान्यांना नावानिशी ठणकावलंय म्हणून ते ब्रिटिशांच्या सेन्सॉरमधून सुटलं, पब्लिकला मात्र बरोबर कळलं की हे कोणाला चाललंय. म्हणजे शत्रूला शिंगावर घेणारं गाणं लिहायला या माणसाला जड नव्हतं. वीस वर्षांनी त्याने ठरवून शोकगीत लिहिलं, आणि माझ्या मते म्हणूनच ते टिकलं. रागाचं गाणं राग ओसरला की जुनं होतं. हे गाणं १९६५ ला चाललं, १९७१ ला चाललं, कारगिलला चाललं, एक शब्दही बदलावा लागला नाही, कारण शवपेटी कुठल्या सीमेवरून आली याने घरच्यांना काय फरक पडतो.

प्रदीप यांनी या गाण्याची रॉयल्टी युद्धात गेलेल्या जवानांच्या विधवांना द्यायची असं ठरवलं होतं. ती मिळवायला प्रकरण थेट मुंबई हायकोर्टात गेलं आणि २००५ मध्ये कोर्टाने रेकॉर्ड कंपनीला या विधवांसाठीच्या निधीत १० लाख रुपये भरायला सांगितले. तोवर प्रदीप यांना जाऊन सहासात वर्षं झाली होती. चार दशकं आपण ते गाणं वाजवून डोळे पुसत होतो आणि पैशाचा हिशोब हा असा.

२०२२ पासून बीटिंग रिट्रीटला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा शेवट करणाऱ्या दिल्लीतल्या लष्करी बँडच्या कार्यक्रमात, गांधीजींच्या आवडीचं 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती प्रार्थनागीत काढून त्या जागी मिलिटरी बँड हेच गाणं वाजवायला लागला. त्यावरून बरेच वाद झाले, मलाही ते जुनं काढायला नको होतं, दोन्ही वाजली असती तर कुणाचं काय गेलं असतं? पण एक आहे, विजय चौकातल्या त्या सगळ्या कडक परेडमध्ये एक तरी दुःखाची धून असावी हे कुणाला तरी वाटलं, आणि त्यासाठी शोधायला गेल्यावर १९६३ नंतरचं दुसरं काही सापडलं नाही. साठ वर्षांत आपण देशभक्तीची गाणी ढिगाने केली हो, रडायचं मात्र हे एकच.