दोष एकट्या निकेलचा नव्हता

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी प्रयोगशाळेत पोहोचले, तेव्हा दाबमापकाचा काटा बराच वर चढलेला होता. रात्रभर भट्टीजवळ बसलेली विद्यार्थिनी एवढेच म्हणाली, "मॅडम, नळी तुंबली."

आम्ही इथेनॉलपासून, म्हणजे मद्यार्कापासून, हायड्रोजन काढत होतो. इथेनॉलच्या एका रेणूमागे पाण्याचे तीन रेणू घेऊन ती वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून नेली, तर तत्त्वतः हायड्रोजनचे सहा रेणू मिळतात. वजनात हे प्रमाण ४६ भाग इथेनॉल आणि ५४ भाग पाणी असे येते. पाणी असे लागतेच, त्यामुळे मद्यार्क पूर्ण कोरडा करण्याचे इंधन वाचते. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात, जिथे घरोघरी काजूची हुर्राक आणि फेणी गाळलेली पाहिली आहे, तिथे हा मुद्दा फार समजावावा लागत नाही. ऱ्होडियम हा धातू हे काम उत्तम करतो, परंतु त्याची किंमत परवडणारी नाही, म्हणून आम्ही ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर) निकेल बसवून ५०० अंश सेल्सियसला चाचणी लावली होती.

नायट्रोजनच्या प्रवाहात थंड करून क्वार्ट्झची नळी उघडली. आदल्या संध्याकाळी भरलेला दोन सेंटिमीटरचा थर फुगून जवळजवळ दुप्पट झाला होता. दाण्यांचा भुगा होऊन तो काळ्या काजळीत गुंतला होता आणि चिमट्यात धरताच ती काजळी पिंजलेल्या कापसासारखी सुटत होती. स्वस्त धातूचे असेच व्हायचे, असे एक सहकारी म्हणाले. मला ते पटले नाही, कारण निकेलवर कार्बनचे तंतू वाढतात हे खरे असले, तरी एवढा कार्बन इतक्या लवकर आला कुठून, याचे उत्तर त्यात नव्हते.

म्हणून त्याच दिवशी निकेल नसलेला नुसता ॲल्युमिना नळीत भरला. दुपारी वायूंचे मिश्रण वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर इथिलीनचे उंच शिखर उमटले. ॲल्युमिनाच्या आम्लधर्मी पृष्ठभागावर इथेनॉलच्या रेणूतून पाणी निघून जाऊन इथिलीन तयार होत होते आणि तेच पुढे काजळी होऊन बसत होते.

चार दिवसांनी तेवढेच निकेल सेरियावर, म्हणजे सेरियम धातूच्या ऑक्साइडवर, बसवून घेतले, कारण सेरिया स्वतःमधला ऑक्सिजन देऊन साचणारा कार्बन जाळतो. काजळी रोखण्यासाठी पाण्याचे प्रमाणही वाढवण्याचा मोह मी कटाक्षाने टाळला. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या असत्या, तर कारण कळले नसते.

त्या रात्री विद्यार्थिनी घरी गेलीच नाही. पहाटे काटा होता तिथेच होता. मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड या नको असलेल्या वायूंची शिखरे मात्र अजून दिसत होती. पुढची नळी त्यांच्यासाठी भरायला घेतली.