सड्यावरचं ऊन आणि काकूंचा पंखा

बॅटऱ्या भरल्या नाहीत, पण त्यात विजेचा काही दोष नव्हता. वीज आम्ही पुण्याहून साडेतीन किलोच्या डब्यात, म्हणजे सॉकेट असलेल्या एका मोठ्या बॅटरीत, भरून आणली होती.

फेब्रुवारी संपता संपता मी आणि माझा मावसभाऊ राजापूर तालुक्यातली कातळशिल्पं बघायला निघालो. ड्रोन घेतला, कारण जमिनीवर उभं राहून ही शिल्पं नीट कळत नाहीत. कशेळीचा हत्ती साधारण 18 मीटर बाय 13 मीटर आहे. त्याच्या पायाशी उभे राहिलात तर जांभ्यात कोरलेली एक खाच दिसते, बस्स. हत्ती दिसतो तो वरून. आणि वरूनही कधीही दिसत नाही, कारण खाचा उथळ आहेत. उन्हं तिरपी असली की खाचेच्या कडेची सावली आत पडते आणि रेघ उठून येते. म्हणजे सकाळचा पहिला तास-दीड तास, नाहीतर संध्याकाळचा शेवटचा. दुपारी सगळा सडा, म्हणजे हे जांभ्याचं उघडं पठार, सपाट तव्यासारखा.

म्हणून बेत असा की सकाळी देवाचे गोठणे, संध्याकाळी कशेळी आणि मधल्या दुपारी बॅटऱ्या भरायच्या. कागदावर झकास.

सामान सांगतो, कारण याविषयी मला नेहमी विचारलं जातं. ड्रोन 249 ग्रॅमचा, बॅटऱ्या तीन, प्रत्येकी 2453 एमएएच. भाऊ 20,000 एमएएचची पॉवर बँक दाखवून म्हणाला, "हिच्यात आठ वेळा होईल, डबा कशाला?" हा हिशोब बहुतेक सगळे असाच करतात आणि फसतात. पॉवर बँकेतले 20,000 हे 3.7 व्होल्टला मोजलेले असतात, ड्रोनची बॅटरी 7.38 व्होल्टची. म्हणून तुलना वॅट-तासांत, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तासांच्या गुणाकारात, करायची: पॉवर बँक 74, ड्रोनची एक बॅटरी 18. झाले चार. त्यातूनही व्होल्टेज चढवताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून हाती लागतात तीन, फार तर साडेतीन. आमचा डबा 256 वॅट-तासांचा. (विमानाने येणाऱ्यांनी असल्या डब्याचा नाद सोडावा. 100 वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या बॅगेत चालते, त्यावर विमान कंपनीला विचारावं लागतं आणि 160 च्या पुढे विषयच संपला.)

देवाचे गोठणे इथे भार्गवरामाच्या देवळाकडून सड्यावर चढलो. डबा गाडीतच ठेवला. वर एकटीच एक मानवाकृती कोरलेली आहे, आणि तिथे होकायंत्राची सुई भरकटते. हे वाचलेलं होतं. मोबाइलवरचं होकायंत्र लावून शिल्पाभोवती फिरलो तर उत्तर दिशा खरंच हवी तशी सरकत होती. गंमत वाटली. मग ड्रोन लावला आणि गंमत संपली. पडद्यावर तांबडी सूचना, होकायंत्र कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याची दिशा नव्याने जुळवून घ्या. मी ड्रोन हातात धरून स्वतःभोवती गिरक्या मारल्या, जे अशा जागी मुळीच करायचं नसतं. उडाला आणि एका जागी थांबायचं सोडून घिरट्या घालायला लागला. खाली आणला, बराच लांब चालत गेलो, तिथे पुन्हा कॅलिब्रेट केला, मग वरच्या वर शिल्पावर नेला. तेव्हा कुठे फोटो मिळाले. पण एक अख्खी बॅटरी या नाचात गेली. साडेदहाला खाली उतरलो तेव्हा तिन्ही रिकाम्या.

आणि इथे मी खरी चूक केली. बॅटऱ्या चार्जिंग हबमध्ये, म्हणजे तिन्ही एकत्र बसणाऱ्या चार्जरमध्ये, खोचल्या, हब गाडीत डॅशबोर्डवर ठेवला, डब्याला जोडला आणि आम्ही मिसळ खायला गेलो. काचा बंद. परत आलो तर हबवर एकही दिवा चढलेला नाही. बॅटरी हातात घेतली तर नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी चटका देणारी. या बॅटऱ्या 5 ते 40 अंशांच्या बाहेर चार्जच घेत नाहीत, आणि ते बरंच आहे, नाहीतर फुगल्या असत्या. एसी लावून तासभर कशेळीच्या दिशेने गेलो तरी काचेतून ऊन त्यांच्यावरच.

वाटेत एका घरावर "घरगुती जेवण मिळेल" अशी पाटी दिसली. थांबलो. लाईट सकाळपासून गेलेली. पडवीत काकू पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या होत्या. मी जेवणाआधी सावलीची जागा विचारली तेव्हा त्यांना वाटलं मला चक्कर येतेय. बॅटऱ्या दाखवल्या.

"फ्रिजात ठेव की. बंद आहे, पण गार असेल."

फ्रिज नको, आत दव धरतं, असं म्हटल्यावर त्या मला माजघरात घेऊन गेल्या. शेणाने सारवलेली जमीन, एक छोटी खिडकी, कोपऱ्यात पाण्याचा माठ. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली. काकूंनी माठापासून हातभर लांब जमिनीवर पोतं टाकलं आणि तिन्ही बॅटऱ्या एकमेकींना न टेकता मांडल्या. "आढी लावतोस जशी," म्हणाल्या, "पण आंबे उबेला घालायचे, ही तुझी पोरं गारव्याला."

डबा आत आणला. त्याच्यावर साधा सॉकेट आहे हे काकांच्या लक्षात आलं. "यावर पंखा चालेल काय रे?" टेबलफॅन जोडला. पंख्याचं तोंड अर्धं काकूंकडे, अर्धं पोत्याकडे. पावणेदोन वाजता पहिल्या बॅटरीचा दिवा लुकलुकला. आमचा हब एकामागून एक भरतो, एकीला साधारण तास. सुरमईचं तिखलं, सोलकढी आणि वर एक डुलकी, सगळं त्यात बसलं. तीनला लाईट आली, पण तोवर काकूंना उठवून प्लग बदलणं जिवावर आलं होतं.

सव्वाचारला निघालो तेव्हा दोन पूर्ण, तिसरी निम्मी. कशेळीच्या सड्यावर पोचलो. खारा वारा सुटलेला, गवत वाळून सोनेरी. परवानगीचा कागद राखणदाराला दाखवला आणि सहाच्या सुमाराला ड्रोन वर गेला. आधी काहीच नाही, नुसता काळा-तांबडा कातळ. मग उन्हं आणखी कलली आणि पडद्यावर पाठीची रेघ उमटली, मग सोंड, मग पोटात कोरलेली लहान लहान जनावरं, एकेक करून. भाऊ फोन धरून गप्प. वाऱ्यामुळे बॅटरी भराभर उतरत होती. मी दुसरी लावली, तीही संपवली. तिसरी निम्मी होती ती परतीला पिशवीत टाकली, कारण अंधारात उडवायचा नव्हता.

गाडीत बसल्यावर डब्याकडे नजर गेली. 18 टक्के. बॅटऱ्यांनी मिळून पावही खाल्ला नसेल. बाकीचा पंख्याचा.