“ही आधी काढ”

“काकू, ही कशाला? शेवटची छान आहे, तेवढीच काढू?” सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा म्हणाला. त्याच्या हातात शेजारच्या वहिनींची बी.ए.ची पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट होती. दोन विषय नापास.

“ही आधी काढ. आणि दोन प्रती काढ,” वहिनी म्हणाल्या.

बारावीनंतर लग्न, मग विड्या. आमच्या सोलापुरात विडीची मजुरी हजारावर मोजतात, त्यामुळे मांडीवरचं सूप बाजूला ठेवून पुस्तक उघडायचं म्हणजे तेवढे पैसे कमी. पहिल्या वर्षी त्यांना लेक्चरमधलं काहीच कळायचं नाही. पोरं भराभर लिहून घ्यायची, यांचा हात चालायचा नाही. नंतर पानं कातरता कातरता मुलीकडून नोट्स मोठ्यानं वाचून घ्यायला लागल्या. त्या वह्यांना अजून तंबाखूचा वास येतो. राहिलेले विषय काढले, शेवटच्या वर्षी प्रथम श्रेणी. आता एम.ए.

मला त्यांचा फार अभिमान वाटतो, आणि रागही येतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणात मध्येच शिक्षण सोडून परत येण्याची सोय आहे, मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे गुणांक, जमा राहतात. फार चांगली गोष्ट. पण परत आलेल्या बाईचं पहिलं सेमिस्टर सांभाळून घेणारं वर्गात कोण असतं?

आणि हो, प्रवेशाच्या वेळी शिक्षणातल्या खंडाबद्दल गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात खंडाचं कारण लिहावं लागतं. वहिनींनी तिथं काय लिहावं, सांगा.