‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं लिहिण्याआधी

अल्झायमरच्या पेशंटच्या नर्सिंग नोंदींमध्ये काही वाक्यं पुन्हा पुन्हा दिसतात. ‘सहकार्य करत नाहीत’, ‘रात्रभर ओरडत होते’, ‘सलाईन ओढून काढली’. ही वाक्यं खोटी नसतात, पण अर्धीच असतात. ‘माझ्या पोटात दुखतंय’ एवढं वाक्य ज्याला जुळवता येत नाही, तो ते हातापायांनी आणि आवाजाने सांगतो. म्हणून नाडी आणि बीपीच्या शेजारी वागण्याचीही नोंद हवी: काय झालं, किती वाजता झालं, त्याआधी काय चाललं होतं आणि कशाने थांबलं. ‘अंग पुसताना डाव्या कुशीवर वळवलं की ओरडतात, पाठीवर ठेवलं की शांत’ अशी ओळ असेल तर पुढच्या शिफ्टची सिस्टर डावा खुबा तपासते. नुसतं ‘ओरडतात’ लिहिलं तर ती झोपेचं इंजेक्शन मागते.

ही नोंद वाचायची तर हा माणूस घरी कसा होता ते माहीत हवं. भरतीच्या वेळी नातेवाइकांशी दहा मिनिटं बसून विचारा. घरी कोणत्या नावाने हाक मारतात? कोणती भाषा पटकन समजते? चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आहे का, आणि असल्यास आत्ता कुठे आहे? उजवा हात वापरतात की डावा? लघवी लागली की काय करतात: उठून फेऱ्या मारतात, की कपडे ओढतात? दुखलं की बोलतात, की गप्प होतात? उत्तरं फाईलच्या तळाशी गेली तर त्यांचा उपयोग नाही. ती पलंगाजवळ, सगळ्यांना दिसतील अशी हवीत. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ‘आज दिसतात तसे कधीपासून आहेत?’

अल्झायमर महिन्यांनी आणि वर्षांनी पुढे सरकतो. परवापर्यंत स्वतः जेवणारा माणूस आज घास तोंडात धरून छताकडे बघत असेल, तर तो अल्झायमर वाढलेला नाही. तो डेलिरियम, म्हणजे दुखणं, संसर्ग किंवा औषधासारख्या कारणाने मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, आहे असं धरून कारण शोधायला लागा. तासातासाला बदलणारी अवस्था आणि लक्ष न टिकणं या त्याच्या खुणा. डेलिरियम ओळखण्याची 4एटी ही चाचणी दोन मिनिटांत होते: जागेपणा, चार साधे प्रश्न (वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष), महिने उलटे म्हणणं आणि अचानक झालेला बदल. 4 किंवा जास्त गुण आले तर डेलिरियमची शक्यता. मात्र मधल्या दोन भागांत मिळून 4 गुण नुसत्या अल्झायमरनेही भरतात. त्यामुळे आधीपासून निदान झालेल्या पेशंटमध्ये वजन द्यायचं ते पहिल्या आणि शेवटच्या भागाला. हा शेवटचा भाग नातेवाइकांना किंवा पेशंटला आधीपासून ओळखणाऱ्यांना विचारल्याशिवाय नीट भरता येत नाही.

आरडाओरडा करणारा पेशंट किमान लक्षात तरी येतो. नजरेतून सुटतो तो गप्प पडून राहणारा. ‘आज छान शांत आहेत’ हे वाक्य हँडओव्हरमध्ये आलं की थांबून बघा: हाक मारल्यावर डोळे किती वेळ उघडे राहतात, घोट गिळला जातो का.

कारणं शोधताना साध्या गोष्टींपासून सुरुवात करा. मूत्राशय तुंबलंय का? थेंब थेंब लघवी होते म्हणजे मोकळी होते असं नाही. ओटीपोट चाचपून बघा, ब्लॅडर स्कॅन असेल तर करा. शौचाला शेवटचं कधी झालं? ऑक्सिजन, साखर, सोडियम किती आहे? ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असं म्हातारपणी म्हणता येत नाही. उलट, लघवीत जंतू सापडले की सगळा गोंधळ त्यांच्याच माथी मारून मोकळं होणंही चूक. वयस्करांच्या लघवीत जंतू कसलाही त्रास न देता असू शकतात. मग औषधांचा कागद बघा. प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामाइन, ऑक्सिब्युटिनिन ही औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलीनचं (स्मरण आणि लक्ष यांसाठी लागणाऱ्या रसायनाचं) काम अडवतात, आणि अल्झायमरमध्ये ते आधीच कमी झालेलं असतं. डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध ते वाढवण्यासाठी देतात. एकाच चार्टवर दोन्ही असतील, तर एक हात गाडी ढकलतोय आणि दुसरा ब्रेक दाबतोय. डॉक्टरांना राऊंडपर्यंत थांबून न राहता सांगा.

दुखणं सर्वात जास्त निसटतं. ‘दुखतंय का?’ याला ‘नाही’ हे उत्तर सवयीनेही येतं. बोलू न शकणाऱ्याचं दुखणं मोजण्याच्या पेनॅड पट्टीत पाच गोष्टी बघतात: श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराचा ताठरपणा आणि समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकीला 0 ते 2, एकूण 10. ती पेशंट निपचित पडलेला असताना भरली तर शून्य येणारच. कूस बदलताना, उभं करताना भरा. आणि वेदनाशामक ‘गरज पडल्यास’ लिहिलं असेल तर ते बहुतेक दिलंच जात नाही, कारण हा पेशंट मागत नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर पॅरासिटामॉल ठरल्या वेळेला देण्याची ऑर्डर मागून घ्या. अर्ध्या-पाऊण तासाने पट्टी पुन्हा भरा. गुण उतरले तर ओरडण्याचं उत्तर मिळालं.

आता नळ्या. पेशंट ओढतो ती नळी त्याच्या लेखी अंगाला चिकटलेली अनोळखी वस्तू असते, आणि तिचं कारण सांगितलेलं पाच मिनिटांत पुसलं जातं. म्हणून आधी विचारायचं की ती हवीच आहे का. सलाईन दिवसभर चालवण्याऐवजी ठरावीक वेळी देऊन कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) बंद ठेवता येईल का? कॅन्युला कमी वापरातल्या हाताला लावा, वरून सैल बँडेज आणि लांब बाही. बाटली नजरेच्या मागे टांगा. बँडेजखालची जागा प्रत्येक शिफ्टला उघडून बघायची, नाहीतर सूज झाकलेलीच राहते. लघवीची नळी तर ‘सोयीसाठी’ कधीच नको. आतला फुगा साधारण 10 मिली पाण्याने फुगलेला असतो. तो तसाच ओढला गेला की मूत्रमार्ग फाटतो. हात बांधणं हा उपाय वाटतो, पण बांधलेला माणूस अधिक झगडतो. पलंगाचे कठडेही तसेच: चालू शकणारा गोंधळलेला पेशंट त्यांच्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. पलंग अगदी खाली, चाकं लॉक, आणि जागेपणी दर दोन तासांनी स्वतःहून शौचालयात नेणं, याने जास्त फरक पडतो. पडण्यामागे बऱ्याचदा लघवीला जाण्याची धडपडच असते.

बोलण्याबद्दल थोडक्यात. समोरून या, बाजूने किंवा मागून आलेला हात दिसतच नाही आणि तो हल्ला वाटतो. डोळ्यांच्या पातळीवर बसा, नाव घ्या, एका वेळी एकच सूचना द्या आणि मनात दहा आकडे मोजा. उत्तर आलं नाही तर तेच शब्द पुन्हा. दुसरे शब्द वापरले की मेंदूला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गेलेल्या आईला शोधणाऱ्याला ‘त्या वारल्या’ असं सांगितलं तर त्याला ती बातमी रोज नव्याने ऐकावी लागते. ‘आईची आठवण येतेय का? त्या कशा होत्या?’ असं विचारलं तर खोटंही बोलावं लागत नाही.

भरवताना पाठ सरळ, जमलं तर खुर्चीत, आणि नंतर 30 मिनिटं तसंच. लहान चमचा. चमचा त्यांच्याच हातात देऊन खालून आपल्या हाताचा आधार दिला की सवयीची हालचाल पुष्कळदा जागी होते. गालात घास साठला आहे का ते बघूनच पुढचा द्या. गिळल्यावर आवाज घोगरा, ओलसर आला की थांबा आणि गिळण्याची तपासणी सांगा. ‘पाणी हवंय का?’ हा प्रश्न नको. पेला हातात द्या, थोडं थोडं, जाता-येता.

औषधांमधली एक चूक जिवावर बेतते: रिव्हास्टिग्मिन या अल्झायमरच्या औषधाचा, त्वचेवर चिकटवायचा जुना पॅच न काढता नवा लावणं. पॅच 24 तासांचा असतो. तो पाठीवर लावला की पेशंटचा हात पोहोचत नाही. पण त्याच कारणाने तो आपल्यालाही दिसत नाही. भरतीच्या वेळी सगळं अंग बघा, पॅचवर तारीख लिहा, त्याच जागी 14 दिवस पुन्हा लावू नका. उलट्या आणि मंद नाडी दिसली तर आधी पॅच मोजा. तीन दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर जुन्या डोसवर थेट जायचं नाही, सर्वात कमी ताकदीपासून पुन्हा चढायचं. डोनेपेझिलनेही नाडी मंदावते, चक्कर येते. ऑपरेशन असेल तर ही औषधं चालू असल्याचं भूलतज्ज्ञांना आधी सांगा. स्नायू सैल करणाऱ्या काही औषधांचा परिणाम त्यांच्यामुळे लांबतो.

हॅलोपेरिडॉलसारखी अँटिसायकोटिक (भ्रम आणि उत्तेजना शमवणारी) औषधं शेवटी, सर्वात कमी डोसात, आणि स्वतःला किंवा इतरांना खरंच धोका असेल तेव्हाच. डिमेन्शियाच्या (अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाच्या) वयस्कर पेशंटमध्ये या गटामुळे मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2005 मध्ये या गटातल्या नव्या औषधांवर आणि 2008 मध्ये जुन्यांवर तशी ठळक सूचना बंधनकारक केली. दिलंच तर थांबवण्याची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या. नाहीतर तीन रात्रींसाठी सुरू केलेली गोळी डिस्चार्जच्या कागदावर जाते आणि घरी महिनोन्‌महिने चालू राहते. डिस्चार्जला हा कागद नातेवाइकांसोबत ओळीओळीने वाचा: कोणती गोळी घरची, कोणती इथे सुरू झाली, कोणती कधी बंद. डेलिरियम उतरायला आठवडे, कधी महिनेही लागतात, हेही तेव्हाच सांगा. म्हणजे घरी गेल्यावर चौथ्या दिवशी घाबरून ते झोपेची गोळी मागायला येणार नाहीत.