महालक्ष्मीच्या मैदानात त्रेसष्ट वर्षांचा गळा

शनिवारी पंचवटी एक्सप्रेसला गर्दी जरा कमी असते. नाशिक रोडला चढल्या चढल्या खिडकी मिळाली आणि कसारा घाट उतरेपर्यंत मी नुसता बाहेर बघत बसलो. पिशवीत ताईसाठी चिवडा, एक काळा टी-शर्ट आणि एक कॅसेट. ती वाजवायला घरात आता यंत्र नाही. तरी सोबत घेतली. 'यूज युअर इल्युजन'चा पहिला भाग, पिवळ्या कव्हरचा. १९९१ साली गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडने एकाच दिवशी दोन अल्बम काढले, एक पिवळा आणि एक निळा. माझ्याकडे पिवळा पुढच्या वर्षी आला, अकरावीत असताना. त्यातलं 'नोव्हेंबर रेन' इतक्या वेळा मागे नेऊन ऐकलंय की त्या ठिकाणी टेप ताणली गेली होती. मी वर्षानुवर्षं ते गाणं किंचित बेसूर ऐकलं आणि मला तेच खरं वाटायचं.

तारीख १७ मे २०२५. गन्स एन रोझेस मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर.

मी त्यांना दुसऱ्यांदा ऐकणार होतो. पहिल्यांदा डिसेंबर २०१२ मध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलात. तेव्हा ते पहिल्यांदाच भारतात आले होते आणि आम्ही चार मित्र नाशिकहून गाडी करून गेलो होतो. परतताना शहापूरजवळ चहाला थांबलो, तर कुणीच काही बोलेना. कार्यक्रम वाईट झाला असं नव्हतं. पण बँडच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी मंचावर फक्त गायक ॲक्सल रोझ होता. गिटारवाला स्लॅश नव्हता, बेस गिटारवाला डफ नव्हता. जे वाजवत होते ते तरबेज होते आणि एकही सूर चुकला नाही. घरी पोचल्यावर मात्र बायकोला काय सांगावं तेच सुचेना.

गंमत बघा. त्या वेळी बँडकडे नवीन म्हणता येईल असा अल्बम होता. 'चायनीज डेमॉक्रसी', २००८ चा. म्हणजे २०१२ मध्ये गाणी नवी होती आणि माणसं बदललेली होती. आता २०२५ मध्ये माणसं जुनी परत आली होती, स्लॅश आणि डफ २०१६ पासून पुन्हा सोबत आहेत, पण अल्बम तोच सतरा वर्षांपूर्वीचा. मधे २०२१ आणि २०२३ मध्ये चार गाणी आली, तीही बहुतेक त्या अल्बमच्या काळात उरलेल्या सामानातून घडवलेली. नवं न देता एखादा बँड किती काळ चालू शकतो, हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी निघालो होतो. तो माझ्यासाठी गप्पांचा विषय नाही. या माणसांनी माझी सोळा ते वीस ही वर्षं सांभाळली आहेत.

सीएसएमटीला उतरून धोबी तलावापर्यंत चालत गेलो. हा रस्ता मी मुद्दाम धरतो. डाव्या हाताला आझाद मैदान, उजवीकडे कामा हॉस्पिटल, पुढे झेवियर्सच्या दगडी भिंती आणि त्यांच्या लगत रंगभवन. फाटक बंद होतं. १९८६ पासून इथे 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचा. आपल्या देशातले रॉक बँड, उघड्यावरचं थिएटर आणि पायऱ्यांवर बसलेली कॉलेजची पोरं. त्याआधी १९७८ मध्ये इथे 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. मग शांतता क्षेत्राचा नियम आला. बाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेज, त्यामुळे २००३ च्या सुमारास इथला आवाज थांबला. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, आजारी माणसाला झोप हवीच. पण त्या बदल्यात शहराने या पोरांना दुसरी तशी जागा दिली नाही, याचं दुःख मला अजून आहे.

याच मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' हा बँड उभा राहिला. पुढे त्याचं नाव 'इंडस क्रीड' झालं. १९९७ मध्ये ते थांबले, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये नवा अल्बम काढला, 'इव्हॉल्व्ह'. त्यांच्या मागे जगभरातली तिकीटविक्री नव्हती. जुन्या आठवणींवर दोन-चार कार्यक्रम सहज झाले असते. तरी ते आधी स्टुडिओत गेले. रंगभवनाच्या बंद फाटकासमोर मला नेमकं हेच आठवलं.

धोबी तलावाच्या नाक्यावर भाची भेटली. ती एकोणीस वर्षांची आहे आणि लालबागहून बसने आली होती. क्यानी या इराणी हॉटेलात बसून ब्रून मस्का आणि चहा घेतला. तिला या बँडची सहा गाणी येतात, सगळी मोबाइलवरच्या तुकड्यांमधून शिकलेली. मी कॅसेट काढून दाखवली. तिने ती उलटसुलट केली, बोटाने आतलं चाक फिरवून पाहिलं.

"मामा, यात एकूण किती गाणी?"

"सोळा."

"आणि सगळी ऐकायचास? क्रमाने?"

"दुसरा इलाजच नव्हता गं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुला न आवडणारी पण पाठ असतील." खरंच आहेत. हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मरीन लाइन्सवरून धीम्या लोकलने महालक्ष्मी. स्टेशनबाहेर पुलावरून तिने मला धोबीघाट दाखवला, जणू मी पहिल्यांदाच बघतोय. मीही पाहिला. दगडी हौद आणि वर दोऱ्यांवर एकाच हॉटेलच्या असाव्यात अशा पांढऱ्या चादरींच्या रांगा. मे महिन्याचा दमट घाम इतका की शर्ट पाठीला चिकटलेला. पुलावरून रेसकोर्सकडे जाणारा प्रत्येक दुसरा माणूस काळ्या टी-शर्टमध्ये होता. पन्नाशीचे, पंचविशीचे, वडिलांचं बोट धरून आलेले दहा-बारा वर्षांचे. आत जायला वेळ लागला, पाण्यासाठी रांग होती, पाय दुखले. ते सगळं सोडून देतो.

'स्वीट चाइल्ड ओ' माइन'ची सुरुवातीची धून स्लॅशने छेडली आणि तिसऱ्या सुरालाच मैदान उठलं. माझ्या पुढे एक गृहस्थ होते, केस पूर्ण पांढरे, पाठीला छोटी सॅक. त्यांनी हात वर केले नाहीत, मोबाइल काढला नाही. डाव्या हाताची बोटं मांडीवर, नसलेल्या गिटारच्या पट्टीवर फिरवत राहिले. एकेक सूर बरोबर. हा माणूस कधीतरी कुठल्या तरी बँडमध्ये होता, मी पैजेवर सांगतो. रंगभवनाच्या पायऱ्यांवर तर तो नक्की बसला असणार.

२०१२ मध्ये जे हरवलं होतं ते या रात्री परत मिळालं. स्लॅश आणि ॲक्सल एकमेकांकडे फारसं बघत नाहीत. पण गाण्यात एक जागा येते, जिथे आवाज थांबतो आणि गिटार त्याचं वाक्य पुढे नेते. ती जागा दुसऱ्या कुणी कितीही अचूक वाजवली तरी तिथे वाक्य तुटतं. बँड म्हणजे त्याचं नाव आणि गाण्यांची यादी नव्हे, हे मला इथे कळलं. कोण कुणाच्या श्वासाला थांबतो, त्यात बँड असतो. स्लॅशने एकट्याने बराच वेळ ब्लूजच्या अंगाने वाजवलं, तेव्हा तर कुठल्याच रेकॉर्डशी संबंध उरला नव्हता. तो तिथल्या तिथे काही शोधत होता आणि मी साठीला टेकलेल्या माणसाला शोधताना बघत होतो.

पण ॲक्सल.

मोठ्या पडद्यावर त्याचा गळा दिसत होता. वरच्या स्वरावर जायच्या आधी तो डोळे मिटून नेहमीपेक्षा अर्धा श्वास जास्त घ्यायचा आणि मानेची शीर ताणली जायची. स्वर लागायचा, पण पातळ, कडेकडेने. खालच्या पट्टीत मात्र त्याच्या आवाजाला असं वजन होतं की अंगावर काटा यावा. 'सिव्हिल वॉर'च्या शांत ओळींमध्ये तो आवाज खोल, खरखरीत आणि भोगलेला वाटला. मला त्याच आवाजात आणखी ऐकायचं होतं. पण पुढचं गाणं पुन्हा पंचविशीतल्या पोराच्या गळ्यासाठी लिहिलेलं. त्यांचा पहिला अल्बम 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' आला १९८७ मध्ये, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. त्या रात्री तो त्रेसष्टचा होता आणि रोज रात्री त्याला त्या पोराशी स्पर्धा करावी लागते. ती स्पर्धा कुणीच जिंकत नाही.

आपल्याकडे ख्यालगायकाचं असं नसतं. सत्तरीचा गवई आपला षड्ज आपल्या गळ्याप्रमाणे धरतो. चीज तीच, पण ताना कमी करेल, आलाप वाढवेल. वय झालं म्हणून बंदिशीला बाधा येत नाही, उलट ती मुरते. रॉकचं गाणं मात्र रेकॉर्डला बांधलेलं असतं. गिटारची धून त्याच सुरांवर, वेग तोच, किंकाळी त्याच जागी, आणि ती आली नाही तर लाखो कानांना कळतं. म्हणून मला वाटतं की म्हाताऱ्या होत चाललेल्या रॉक गायकाला नवी गाणी लागतात ती स्वतःसाठी. आज जो गळा आहे त्याच्या मापाचं काहीतरी त्याच्याकडे असायला हवं. पैशासाठी तर अजिबात गरज नाही. २०१६ पासूनच्या त्यांच्या पुनर्मीलनाच्या दौऱ्याने नवा अल्बम नसताना ५८ कोटी डॉलरच्या वर तिकिटं विकली. नव्या गाण्यांची लोकांनी मागणी केलेलीच नाही, आणि हीच भीती आहे. आपण प्रेक्षक जुन्याच गाण्यांना टाळ्या देतो आणि गायकाला पंचविशीतच ठेवतो.

त्या रात्री मी हे होताना पाहिलं. २००८ च्या अल्बममधलं गाणं सुरू झालं आणि आमच्या आसपासची गर्दी सैल झाली. कुणी पाण्याला गेलं, कुणी फोटो पाठवायला लागलं. मला राग आला. भाची मात्र हलली नाही. तिला त्या गाण्याचं नाव माहीत नव्हतं, तसं आधीच्या तीन गाण्यांचंही माहीत नव्हतं. तिच्या दृष्टीने १९८७ आणि २००८ दोन्ही तिच्या आठवणींच्या आधीचीच. "हे भारी आहे की," ती माझ्या कानात ओरडली, "लोक का चाललेत?"

रोलिंग स्टोन्स हा जुना ब्रिटिश रॉक बँड २००३ च्या एप्रिलमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला होता. मला तिकीट मिळालं नव्हतं, त्यामुळे ती हुरहुर अजून आहे. त्यांनी २०२३ मध्ये, १८ वर्षांनी, स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा त्यांचा गायक मिक जॅगर ८० वर्षांचा होता. म्हणजे हे होऊ शकतं.

'नोव्हेंबर रेन'ला ॲक्सल पियानोवर बसला. मी खिशात कॅसेट धरून उभा होतो. गाणं पूर्ण सुरात होतं, माझ्या टेपसारखं ताणलेलं नव्हतं. डोळे भरून आले, ते पुसले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर स्टेशनकडे जायची सोय नव्हती इतकी गर्दी, म्हणून आम्ही चालतच निघालो. सात रस्ता, मग साने गुरुजी मार्ग, चिंचपोकळीचा पूल आणि लालबाग. पुलावर वारा होता. भाची वाटेत चपला हातात घेऊन चालली.

दाजी जागे होते. बाहेरच्या खोलीत, टीव्ही बंद, पंखा चालू. चाळीतल्या भजनी मंडळात ते तीस वर्षं गातात. ताईने पिठलं गरम केलं. दाजींनी विचारलं, "काय म्हणतोय तुमचा गोरा बुवा?" मी सगळं सांगितलं, गळ्याचंही. ते ऐकून घेत होते.

"आम्ही पेटीच्या काळी चारला, वरच्या पट्टीत गायचो," ते म्हणाले. "आता काळी दोनला आलोय. पेटीवाल्यानेच एके दिवशी न सांगता खाली धरलं. आधी मला वाईट वाटलं. दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाही."

"मग?"

"मग काय, अभंगाचे शब्द ऐकू यायला लागले. काळी चारला नुसता जोर असायचा." त्यांनी हलकेच दोन ओळी म्हणून दाखवल्या, ताई झोपायला गेली म्हणून आवाज दाबून. खालच्या षड्जावर त्यांनी असा ठेहराव घेतला की भाची जेवता जेवता थांबली. वडिलांचं गाणं ती रोज ऐकते. तरी थांबली.

रविवारी दुपारच्या गाडीने परतलो. कसाऱ्याला घाट चढण्यासाठी मागे इंजिनं जोडली गेली, तो ओळखीचा धक्का बसला आणि मी कानात इअरफोन घालून 'चायनीज डेमॉक्रसी' पहिल्यापासून लावला. चौदा गाणी, ७१ मिनिटं. २००८ मध्ये दोनदा ऐकून बाजूला ठेवला होता, स्लॅश नाही म्हणून. या वेळी क्रमाने ऐकला, एकही गाणं न वगळता. तिसऱ्या बोगद्यात आवाज इतका वाढला की एक गाणं पुन्हा मागे नेऊन ऐकावं लागलं. इगतपुरी, घोटी, देवळाली. चौदावं गाणं चालू असतानाच नाशिक रोड आलं. मी फलाटावरच्या बाकावर बसून ते पूर्ण केलं आणि मग रिक्षा शोधली.