एकाच जागचे दोन आवाज

वायोमिंग राज्यातील लॅरमी हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि येथील हिवाळा ऑक्टोबरात उंबऱ्यावर येऊन बसतो तो एप्रिल उलटला तरी उठत नाही. अशा गावात केवळ मागच्या चाकांवर चालणारा, १९९७ सालचा जुना पिकअप ट्रक विकत घेणे शहाणपणाचे होते असा माझा मुळीच दावा नाही. त्याच्या मागच्या ॲक्सलमध्ये ‘लिमिटेड स्लिप’ प्रकारचा डिफरन्शियल (इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आहे, एवढ्या एका गोष्टीवर मी भाळलो. पुढे वर्षभरात त्याच डिफरन्शियलने मला इतके पिडले की त्याच्या पोटातील प्रत्येक चकतीची आता मला ओळख झाली आहे.

उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रचना समजावून सांगण्यास फार वेळ लागणार नाही. ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात जागच्या जागी गरगरते, दुसरे कोरड्यावर असूनही ढिम्म हलत नाही आणि चालक टाचेने डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबताच दोन्ही चाके एकदम जोर लावतात. आमच्या अण्णांचा कराडकडचा ट्रॅक्टर असाच चालतो. मात्र तो लॉक पक्का असतो, त्यामुळे वळण्यापूर्वी तो सोडावाच लागतो. लिमिटेड स्लिपमध्ये पेडल नसते. आतल्या दोन्ही बाजूंच्या गिअरमागे पोलादी आणि घर्षणाच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात व एक जाड स्प्रिंग त्यांना सतत दाबून धरते. बर्फावर एक चाक घसरू लागले की या चकत्यांच्या पकडीमुळे थोडा जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो. कोरड्या रस्त्यावर वळताना मात्र बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून चकत्यांना एकमेकींवरून सरकावेच लागते. आवाजाचे मूळ बहुतेक वेळा या सरकण्यातच दडलेले असते.

माझ्या ट्रकमधून येणारे आवाज दोन प्रकारचे होते. गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालून तापली आणि वाहनतळात मी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवली, की मागून घरघर येई आणि सबंध गाडी थरथरे. दुसरा आवाज ताशी सत्तर किलोमीटरच्या पुढे सुरू होणारा, खर्जातला, अखंड घुमणारा होता. गावातील एका गॅरेजने गाडी एकदाच फिरवून पाहिली आणि सबंध डिफरन्शियल बदलावा लागेल असे सांगितले; जो आकडा कागदावर लिहून दिला तो ट्रकच्या खरेदी किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. येथे कामाचा दर तासाला शंभराहून अधिक डॉलर पडतो आणि आपल्याकडच्यासारखा कोपऱ्यावरचा ओळखीचा मिस्त्री नसतो, त्यामुळे माणूस नाइलाजाने स्वतःच अंगाला ग्रीस लावून घेतो.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, ज्यांनी आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या यंत्रांची देखभाल केली. त्यांनी मला कव्हर उघडण्यास साफ मनाई केली आणि आठवडाभर नुसती गाडी चालवून आवाज केव्हा वाढतो, केव्हा घटतो याची नोंद ठेवण्यास सांगितले. मला तो सल्ला तेव्हा वेळकाढूपणाचा वाटला होता, हे कबूल केले पाहिजे.

पहिली शंका टायरांची. लॅरमीहून शायेनकडे जाताना महामार्ग ८० वरचा पृष्ठभाग एक आणि त्याला समांतर जाणाऱ्या हॅपी जॅक रस्त्याचा दुसरा. टायरांचा आवाज असता तर रस्ता बदलताच त्याचा सूर बदलला असता. तो बदलला नाही. दुसरी शंका क्राऊन-पिनियनची, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टवरचा छोटा गिअर (पिनियन) आणि तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर (क्राऊन) यांची. या दोन गिअरांचे दाते झिजले की आवाज ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक आणि पाय काढल्यावर वेगळा येतो, कारण पाय काढताच भार दात्यांच्या उलट बाजूवर पडतो. माझा घुमणारा आवाज पाय काढल्यावरही तसाच राही. पिनियनचे बेअरिंगही मी बाद केले: माझ्या गाडीत पिनियन चाकाच्या ३.७३ पट वेगाने फिरते, म्हणून त्याच्या बिघाडाचा आवाज उंच पट्टीतला, शिट्टीकडे झुकणारा असायला हवा होता. गाडी उभी असताना गिअर पुढून मागे बदलल्यावर येणारा ‘खट्ट’ आवाज म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, बिघाड असण्याची शक्यता. तो माझ्याकडे नव्हता.

उरली चाकांची बेअरिंगे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे झुकवली की भार उजव्या चाकावर जातो. तसे करताच घुमणे स्पष्ट वाढे आणि उजवीकडे झुकवताच जवळजवळ विरे. सहाव्या दिवशी वहीत तीच नोंद चौथ्यांदा झाली, तेव्हा उजव्या मागच्या चाकाचे बेअरिंग दोषी असल्याबद्दल माझी खात्री पटली. म्हणजे गॅरेजने ज्याला एक आजार ठरवले होते ते दोन स्वतंत्र आजार होते आणि त्यांतला एक तर डिफरन्शियलचा नव्हताच.

येथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. साध्या डिफरन्शियलच्या गाडीचे एक चाक जॅकवर उचलून, गिअर टाकून आवाज ऐकण्याची सवय अनेकांना असते. तीही चांगली नाहीच. लिमिटेड स्लिप असलेल्या गाडीत मात्र जमिनीवरचे दुसरे चाक जोर घेते आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे जाते. आवाज तपासायचाच असेल तर दोन्ही चाके लोखंडी घोड्यांवर (टेकूंवर) पक्की उचलावीत, इंजिन बंद ठेवावे आणि ती हाताने फिरवावीत.

आता घरघरीकडे वळू. गाडीच्या कप्प्यात आधीच्या मालकाचे एक जुने बिल सापडले, त्यात मागच्या ॲक्सलमध्ये ८०डब्ल्यू-९० ऑईल टाकल्याची नोंद होती, परंतु फ्रिक्शन मॉडिफायरचा, म्हणजे ऑईलमध्ये मिसळायच्या घर्षण सुधारणाऱ्या द्रवाचा, उल्लेख नव्हता. या मॉडिफायरवाचून चकत्यांचे काय होते, हे ज्यांनी शहाबादी फरशीवरून लोखंडी कपाट ओढले आहे ते जाणतात: कपाट जागचे हलण्यास जास्त जोर लागतो, हलले की एकदम सुटते, पुन्हा अडकते आणि या अडक-सुटीतून घर हादरवणारा आवाज निघतो. मॉडिफायर हा स्थिर आणि गतिमान घर्षणातला फरक कमी करतो, म्हणून चकत्या झटके न देता सरकतात. मी त्याची सुमारे १२० मिलिलिटरची एक बाटली असलेल्या ऑईलमध्येच ओतली आणि रविवारी सकाळी रिकाम्या वाहनतळात इंग्रजी आठाच्या आकाराच्या पंधरा-वीस फेऱ्या मारल्या, जेणेकरून नवे मिश्रण चकत्यांच्या फटींत शिरावे. (सुरक्षारक्षकाने एकदा थांबवून चौकशी केली; मी डिफरन्शियलचे नाव घेताच तो हसून निघून गेला. या राज्यात तेवढे कारण पुरते.) घरघर तीन-चतुर्थांश कमी झाली आणि निदान बरोबर असल्याचे कळले.

चकत्यांमध्ये जीव उरला आहे का, हेही पाहिले. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, एक चाक जमिनीवर, दुसरे उचललेले. उचललेल्या चाकाला टॉर्क पाना (फिरवण्याचा जोर मोजणारा पाना) लावून ते किती जोराने सुटते ते मोजायचे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत किमान २० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २७ न्यूटन-मीटर, अपेक्षित होते. काटा त्याच्या बराच वर गेला. चकत्या बदलण्याची गरज नव्हती.

तरीही बेअरिंगसाठी कव्हर उघडावेच लागले, कारण या ॲक्सलचा दांडा आतून एका ‘सी’ आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. उघडण्याआधी ऑईल भरण्याचा बूच सुटतो याची खात्री करून घ्यावी; गंजलेला बूच नंतर सुटला नाही तर रिकामा डिफरन्शियल घेऊन बसावे लागते. खाली काढायचा बूचच नसल्याने कव्हरचे वरचे दोन बोल्ट अर्धवट ठेवून खालची कड सैल केली आणि गंधकाच्या उग्र वासाचे काळे ऑईल परातीत उतरले. तळाच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी पेस्ट होती, जी नेहमीच्या झिजेची असते. बोटाला टोचणारे तुकडे निघाले असते तर कथा वेगळी झाली असती.

मधली आडवी पिन काढल्यानंतर चाके किंवा शाफ्ट फिरवू नयेत, असे शेजाऱ्यांनी दोनदा बजावले होते. मी दिवा सरकवताना डाव्या चाकाला टेकलो, आतले छोटे गिअर जागचे हलले आणि चकत्यांच्या दाबाखाली ते पुन्हा रांगेत आणण्यात दोन तास गेले. उजवा दांडा बाहेर आला तेव्हा आवाजाचा उलगडा झाला: या रचनेत बेअरिंगचे रोलर थेट दांड्याच्या पृष्ठभागावर फिरतात आणि तेथे नखाला लागतील असे खड्डे पडले होते. अशा दांड्यावर नवे बेअरिंग बसवणे म्हणजे आठ महिन्यांची सोय. भंगारवाड्यात स्वतः पाना चालवून, नख फिरवून तपासून एक चांगला दांडा मिळवला. बेअरिंग आणि ऑईल सील नवे घेतले.

कव्हरला सिलिकॉन लावून ते रात्रभर सुकू दिले आणि सकाळी सुमारे अडीच लिटर नवे ऑईल मॉडिफायरसह भरले. बाजारात मिळणाऱ्या काही ऑईलमध्ये मॉडिफायर आधीच मिसळलेला असतो; तो पुन्हा वरून भरमसाट ओतला तर चकत्या इतक्या सुळसुळीत होतात की बर्फावर पकडच देत नाहीत, म्हणून डब्यावरचा मजकूर वाचणे भाग आहे. जुने ऑईल सुट्या भागांच्या दुकानाने फुकट परत घेतले.

अण्णांना फोनवर हे सर्व सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “नव्वद नंबरचं ऑईल होतं ना? मग त्यात आणखी काय घालायचं?” कपाटाचे उदाहरण त्यांनाच पहिल्यांदा दिले होते. त्यानंतर शायेनची खेप करून, गाडी चांगली तापवून, त्याच वाहनतळात मी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवले. मागच्या हौद्यात हिवाळ्यासाठी ठेवलेली वाळूची पोती तेवढी सरकली.