आमची वाटचाल: एकच ट्रक असलेल्या मालकांसोबत

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ 2013 साली आम्ही ट्रकचा विमा आणि कागद सांभाळणारं ऑफिस थाटलं. त्याआधी मी एका ट्रान्सपोर्टमध्ये बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायचो. मोठ्या फ्लीटवाल्यांकडे कागद सांभाळायला माणसं असतात. पण जो स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, तो महिनाभर रस्त्यावर. विमा, परमिट, टॅक्स, पीयूसी, पासिंग (गाडीची फिटनेस तपासणी) या सगळ्यांच्या वेगवेगळ्या तारखा त्याने कधी बघायच्या? गाडी आठ वर्षांची झाली की पासिंगही दरवर्षी. अशाच मालकांसाठी काम करायचं, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

येईल तो विचारायचा, "साहेब, सगळ्यात कमी कितीत बसवाल?" थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचे, दर सरकार ठरवतं, ते कुठल्याही कंपनीत सारखेच. म्हणजे पॉलिसी स्वस्त पडते ती ओन डॅमेजमधलं, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यातलं, काहीतरी कापून. एका मालकाची दहा चाकी बोरघाटात पुढच्या कंटेनरवर आदळली. पॉलिसी बाहेरून काढलेली, क्लेमसाठी ते आमच्याकडे आले. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने दुरुस्तीच्या यादीतल्या बंपरवर रेघ मारली, मग हेडलाइट, मडगार्ड, रंगकाम. पॉलिसीला आयएमटी 23 हे जादा कलम जोडलेलं नव्हतं. ते नसेल तर मालवाहू गाडीच्या या भागांचे पैसे गाडी पूर्ण निकामी झाली तरच मिळतात. मालक यादीकडे बघत राहिले. गाडीच्या कर्जाचा हप्ता तर सुरूच होता.

तेव्हापासून पॉलिसी काढण्याआधी मालकाला शेजारी बसवून प्रत्येक ओळ वाचून दाखवतो. वेळ जातो, कधी गिऱ्हाईकही जातं. आयएमटी 23, मालकाचा स्वतःचा 15 लाखांचा अपघात विमा, ड्रायव्हर-क्लीनरचं संरक्षण, हे आम्ही आग्रहाने घ्यायला लावतो. आणि गाडीच्या विम्यात आतला माल येत नाही, हेही बजावून सांगतो. पोलादाची कॉइल भिजली तर पार्टी, म्हणजे माल पाठवणारा, नुकसान भाड्यातूनच कापते.

परमिट संपलेलं असताना कुणाला धडक बसली, तर कोर्ट विमा कंपनीला भरपाई द्यायला लावतं आणि कंपनी ती मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकालच तसा आहे. जमीन विकायची वेळ येते ती इथे. म्हणून प्रत्येक गाडीच्या तारखा आमच्या वहीत असतात आणि मुदतीच्या महिनाभर आधी फोन जातो.

हिशेबाची बाजू माझ्या बायकोने उभी केली. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याने पॅनसह डिक्लरेशन दिलं की भाड्यातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जात नाही. कितीतरी जणांचे पैसे विनाकारण अडकत होते. 12 टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या टनामागे महिना 1,000 रुपये उत्पन्न धरून आयकराचं रिटर्न भरता येतं. रिटर्न असलं की दुसऱ्या गाडीचं कर्ज मागायला बँकेत ताठ मानेने जाता येतं.

ओव्हरलोडचं दुखणं मात्र अजून आहे. पार्टी म्हणते, दोन टन जास्त टाक. कायद्यात दंड 20,000, वर जास्तीच्या प्रत्येक टनाला 2,000, आणि माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. एकटा मालक नाही म्हणाला तर मागे दुसरी गाडी उभीच असते. म्हणून आता आमच्याकडचे मालक एकत्र बसून ठरवताहेत: गाडीला मंजूर वजनाइतकाच माल, आणि भाडं टनावर नाही, फेरीवर. दोन पार्ट्यांशी बोलणी सुरू आहेत.